मायशी बोलायला मी जिन्यात जाते

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पुण्यात आलेली, बँकेत नोकरी करणारी २९ वर्षांची एक वाचक लिहिते: ऑफिसात माझ्या तोंडून ‘पाणी’, ‘कोण’, ‘डोळा’ येतं. घरी फोन लावला की त्याच क्षणी ‘पानी’, ‘कोन’, ‘डोया’. ठरवून करत नाही, आपसूक होतं. आजूबाजूला सहकारी असले की मायशी बोलायला मी जिन्यात जाते. गेल्या वर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात निवेदन माझ्याकडे होतं. ‘ण’ चुकू नये म्हणून आठवडाभर घोकलं आणि माईकसमोर ‘माणणीय पाहुणे’ म्हणून गेले, तेही दोनदा. सगळे हसले. तेव्हापासून मी माईक हातात घेतलेला नाही. गावी गेलं की भाऊ म्हणतो, “आली पुन्याची बाई.” मागच्या महिन्यात माय माझ्याकडे आली होती. शेजारच्या काकू बसल्या होत्या. माय त्यांना म्हणाली, “पानी आनू काय?” आणि मी त्यांच्यासमोर म्हटलं, “माय, पाणी म्हण.” त्यानंतर काकू असेपर्यंत ती बोलली नाही. दोन दिवसांनी, ठरल्यापेक्षा आधी, गावी निघून गेली. यातली खरी मी कोणती? शुद्ध उच्चारांचा वर्ग लावून वऱ्हाडी कायमची घालवू, की ठासून सगळीकडे वऱ्हाडीच बोलू? मी ढोंगी आहे का?

प्रिय मुली,

मला एकेरीच हाक मारा असं तू लिहिलंस, म्हणून ‘तू’ म्हणते. तुझ्या पत्रात निवेदनाबद्दल दीड पान आहे आणि मायबद्दल सात-आठ ओळी, त्याही शेवटी. त्या ओळी तू सगळ्यात आधी लिहिल्या असशील आणि मग पत्र उतरवून काढताना खाली ढकलल्या असशील, असं मला वाटत राहिलं. त्यांच्याकडे येणारच आहे. पण आधी तो ‘ढोंगी’ शब्द बाजूला काढू, कारण तो मनात धरून तू काहीही ठरवलंस तरी ते शिक्षेसारखंच होईल.

तू एक गोष्ट गृहीत धरली आहेस. तुझ्या ऑफिसातले बाकीचे लोक सगळीकडे एकसारखे बोलतात आणि तू एकटीच दोन तोंडांनी बोलतेस. उद्या ऑफिसात जरा कान देऊन ऐक. तुझे साहेब एखादं परिपत्रक मोठ्यानं वाचतील तेव्हा म्हणतील, “असे निदर्शनास आले आहे.” कागद खाली ठेवून तेच तुला सांगतील, “असं लक्षात आलंय.” ‘असे’चं ‘असं’ झालं, ‘आले आहे’चं ‘आलंय’ झालं, आणि कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही. ‘पाहिजे’ लिहिणारी शंभर माणसं चहाच्या टपरीवर ‘पायजे’ म्हणतात. ‘राहायला’ लिहितात आणि ‘र्‍हायला’ बोलतात. साहित्य महामंडळाचे लेखनाचे जे नियम १९६२ पासून आपण पाळतो, त्यांतही ही सोय आहे. गोष्टीतल्या पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ चालेल, एरवी ‘असे केले’ लिहा. म्हणजे एकाच माणसाच्या तोंडाला दोन चाली असतात हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तुझ्या साहेबांच्या दोन चालींमधलं अंतर कमी आहे, तुझ्या दोन चालींमधलं जास्त आहे. त्यांना पुण्यातल्या पुण्यात हलावं लागतं, तुला बुलढाण्याहून यावं लागतं. ढोंगाचा प्रश्न यात येतो कुठे?

माणसं हे किती नकळत करतात, हे विल्यम लॅबॉव्ह नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये फार साध्या युक्तीनं तपासलं होतं. त्या शहरात तेव्हा स्वरानंतरचा ‘र’ गाळायची सवय होती आणि तो ‘र’ उच्चारणं प्रतिष्ठेचं मानलं जाऊ लागलं होतं. लॅबॉव्ह तीन मोठ्या दुकानांत गेला: एक श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे, असं विक्रेत्यांना विचारायचं. उत्तर येणार ‘फोर्थ फ्लोअर’. मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं, म्हणजे समोरचा तेच शब्द जपून, नीट उच्चारणार. अशी २६४ माणसं त्यानं ऐकली. श्रीमंतांच्या दुकानात ६२ टक्के विक्रेत्यांनी थोडा तरी ‘र’ उच्चारला, मधल्या दुकानात ५१ टक्के, स्वस्तातल्या दुकानात २० टक्के. विक्रेते स्वतः श्रीमंत नव्हते, पण गिऱ्हाईक कोण आहे याचा जिभेवर परिणाम झाला होता. आणि दुसऱ्यांदा, जपून बोलताना, ‘र’ वाढला. मधल्या दुकानातल्या लोकांचा तर फारच वाढला.

मधल्या दुकानातल्या त्या माणसांपाशी थोडं थांब. लॅबॉव्हनं पुढे लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. गप्पा मारताना, उतारा वाचताना, सुट्या शब्दांची यादी वाचताना त्यांचे उच्चार कसे बदलतात ते मोजलं. यादी वाचताना, म्हणजे सगळ्यात जपून बोलताना, कनिष्ठ मध्यमवर्गातल्या लोकांनी इतके ‘र’ उच्चारले की त्यांच्याहून वरच्या वर्गालाही मागे टाकलं. ज्या उच्चारावर आपला जन्मसिद्ध हक्क नाही असं वाटतं, तो उच्चार माणूस जास्त जपून करतो, आणि जपता जपता हद्द ओलांडतो.

तुझं ‘माणणीय’ इथलं आहे. आठवडाभर तू जिभेला एकच सांगत होतीस, ‘न’ येऊ देऊ नकोस, ‘ण’ आण. तिनं इमानानं ऐकलं. जिथे ‘न’च हवा होता तिथेही तिनं ‘ण’ आणून ठेवला. अडाणीपणातून ही चूक होत नाही. ज्याला फरक ठाऊक आहे आणि तो पाळण्याची ज्याची धडपड चालली आहे, त्याच्याच हातून ती होते. त्या सभागृहात हसणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. तुलाही कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तू वर्षभर माईकपासून लांब राहिलीस, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ‘न’ आणि ‘ण’ यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. तुझ्या मनात या दोन अक्षरांची उतरंड पक्की बसलेली दिसते, ‘ण’ वरचा आणि ‘न’ खालचा. संस्कृतात शब्द आहे ‘पानीय’, पिण्याजोगं ते. त्यात ‘न’ आहे. प्राकृतातून येताना दोन स्वरांमधल्या एकट्या ‘न’चा ‘ण’ झाला आणि आपल्याला ‘पाणी’ मिळालं. उलट ‘कर्ण’ घे. त्यात ‘ण’ आहे. त्याचं प्राकृतात ‘कण्ण’ झालं आणि मराठीत ‘कान’. ‘पर्ण’चं ‘पान’ झालं, ‘सुवर्ण’चं ‘सोनं’, ‘चूर्ण’चा ‘चुना’. या चारही शब्दांत मूळचा ‘ण’ जाऊन ‘न’ आला. सदाशिव पेठेत कुणी ‘काण’ म्हणत नाही आणि कुणाला ‘कान’ अशुद्ध वाटत नाही. वऱ्हाडनं आणि खानदेशनं ‘ण’चा ‘न’ करायची हीच वाट आणखी थोडी पुढे नेली, ‘पाणी’तही ‘न’ ठेवला. तो संस्कृताशी जुळतो हा योगायोग आहे, म्हणून ‘पानी’ श्रेष्ठ ठरत नाही. तो पाणीच्या बिघाडातून आलेला नाही, एवढंच मला म्हणायचंय. तुझी माय चुकीचं मराठी बोलत नाही, ती वऱ्हाडी बरोबर बोलते.

प्रमाण म्हणवणाऱ्या तोंडांनीही बरंच काही सोडून दिलं आहे. ‘ष’ आणि ‘श’ यांतला फरक आज बोलताना किती जण करतात? ‘ऋषी’तला ‘ऋ’ आपण ‘रु’ म्हणतो. ‘ज्ञान’ आपण ‘द्न्यान’ म्हणतो आणि हिंदीवाले ‘ग्यान’, दोन्हीकडे मूळचा ‘ज’ आणि ‘ञ’ राहिलेले नाहीत. हे बदल पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या लोकांच्या तोंडी झाले म्हणून ते शुद्धच राहिले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली. त्या शतकात शाळा, क्रमिक पुस्तकं, वर्तमानपत्रं जिथे आणि ज्यांच्या हाती उभी राहिली, त्यांच्या बोलीला प्रमाण म्हणायची रीत पडली. एवढ्या मोठ्या मुलखाला एक समाईक बोली लागते, ती सोय मला मोलाची वाटते. मी स्वतः ती वापरून हे सदर लिहिते. पण सोय म्हणून घेतलेल्या गोष्टीला आपण कुळ आणि चारित्र्य चिकटवलं, तिथून हे दुखणं सुरू झालं.

मग करायचं काय? वर्ग लावून वऱ्हाडी घालवायची म्हणतेस, ते मला मुळीच पटत नाही. आवाजाचा वर्ग जरूर लाव. श्वास कुठे घ्यायचा, शब्दाचा शेवट कसा गिळायचा नाही, माईक किती लांब धरायचा, हे शिकायला पैसे मोजणं योग्य आहे. पण पहिल्याच दिवशी “गावाकडची भाषा काढून टाकू” म्हणणारा शिक्षक भेटला तर उठून ये. एक बोली शिकायला दुसरी पुसावी लागत नाही. तू रोज दोन्ही बोलतेस, त्यात एकदाही अडखळत नाहीस. हे कसब आहे, आणि ते तुझ्याकडे फुकट आलं आहे.

ठासून सगळीकडे वऱ्हाडीच बोलायचं, हे मला अर्धंच पटतं. बाणा म्हणून ते छान वाटतं. पण तू लिहितेस की ‘पाणी’ तुझ्या तोंडून आपसूक येतं. मग ते मुद्दाम दाबून ‘पानी’ म्हणणं हीसुद्धा जबरदस्तीच, फक्त उलट बाजूनं. माणूस समोरच्याकडे पाहून बोलतो. न्यूझीलंडच्या ॲलन बेलनं १९८४ साली यावर लिहिलं. वेलिंग्टनमध्ये एकाच इमारतीतून दोन रेडिओ केंद्रं चालत आणि तेच वृत्तनिवेदक दोन्हीकडे बातम्या देत. एकीकडे शासकीय थाटाचं केंद्र, दुसरीकडे गावगप्पांचं. माणूस तोच, बातमीही बहुधा तीच, पण एका उच्चाराचं प्रमाण केंद्रागणिक बदलायचं. ऐकणारं कोण आहे, हे मनात धरून ते बोलत होते. तूही तेच करतेस. माझ्या मते यात ऐकणाऱ्याबद्दल आपुलकी असते, लबाडी नसते. तुला बदल आवरायचा नाहीये. तो भीतीपोटी कुठे होतो आणि आपुलकीपोटी कुठे, एवढं ओळखायचंय. मायचा फोन आल्यावर तिच्यासारखं बोलणं ही आपुलकी आहे. तो फोन घ्यायला जिन्यात जाणं ही भीती आहे.

आता माय.

मी सांगली जिल्ह्यातली. आमच्या घरी ‘हाय’, ‘न्हाई’, ‘लई’ असंच चालायचं. शाळेत ‘हाय’ म्हटलं म्हणून मला एकदा तासभर उभं केलं होतं. पुढे दोन-तीन वर्षांत मी इतकी तयार झाले की घरी येऊन आजीला ‘आहे’ म्हणायला शिकवू लागले. ती हसून सोडून द्यायची. ती हसायची, म्हणून मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं की तिला काही लागलं नाही. माझ्या मैत्रिणी घरी आल्या की ती मागच्या दारी जाऊन बसायची, ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा ती नव्हती.

म्हणून तुला निक्षून सांगते, हे लांबणीवर टाकू नकोस. तू मायला उच्चार शिकवत नव्हतीस. तू काकूंना सांगत होतीस की मी हिच्यासारखी नाही. मायला ते समजलं, म्हणून ती गप्प झाली. हे वाचायला कठोर वाटेल, पण तुलाही ते ठाऊक आहे, नाहीतर ते दृश्य तू इतकं नेमकं लिहिलं नसतंस. तिला फोन करून लांबलचक स्पष्टीकरण देऊ नकोस. त्या दिवसाचं नाव घे आणि चूक कबूल कर. वऱ्हाडीतच कर: “माय, मी तुले त्या बाईसमोर टोकलं, ते चुकलं माह्यं.” ती म्हणेल, “मले तं आठवतबी नाही वं.” आया असंच म्हणतात. तिच्या त्या म्हणण्यावर विसंबू नकोस. ती पुन्हा पुण्यात येईल तेव्हा काकूंना तूच बोलाव आणि त्यांच्यासमोर मायशी रोजच्यासारखं बोल, ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ सगळं येऊ दे. माफी मागितलीस त्याहून हे तिला जास्त कळेल. काकूंनी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर मायलाच सांगू दे.

हे फक्त मायलेकींपुरतं नाही. सासूबाईंच्या बोलण्यावर मुलांना हसू देणाऱ्या सुना, ‘आजीसारखं बोलू नकोस’ म्हणून नातवंडांना दटावणारे बाबा, मुलाच्या तोंडचं ‘व्हय’ ऐकून सगळ्या वर्गाला हसवणारे शिक्षक, या सगळ्यांना मी हेच सांगेन. मुलाला ‘होय’ जरूर शिकवा. “शाळेत लिहिताना होय, घरी व्हय” एवढं म्हटलं तरी सहा वर्षांचं पोर ते बरोबर उचलतं. त्याला दोन घरं सांगा, एक घर पाडून दुसरं बांधू नका.

निवेदनाचं आता कामाचं बोलू, कारण तू माईक परत हातात घ्यावास असं मला मनापासून वाटतं. घोकताना तू ‘ण’चा सराव केलास, शब्दांचा केला नाहीस, तिथे गडबड झाली. एक जुना आडाखा आहे, संस्कृतातून आलेल्या शब्दांपुरता. शब्दात आधी र, ऋ किंवा ष असेल तर पुढच्या ‘न’चा ‘ण’ होतो: वितरण, अनावरण, स्मरणिका, भाषण, उद्घोषणा. पण मध्ये च, ट, त या वर्गांतलं अक्षर किंवा ल, श, स आलं तर तो ‘न’च राहतो: प्रार्थना, प्रदर्शन, सूत्रसंचालन, दीपप्रज्वलन. आणि र-ष मुळातच नसतील तर बहुतेक वेळा ‘न’: माननीय, सन्मान, अभिनंदन, निवेदन, मनोगत. गुण, वाणी, कल्याण असे काही शब्द यात बसत नाहीत, ते तसेच लक्षात ठेवायचे. ‘अनावरण’मध्ये आधी ‘न’ आणि शेवटी ‘ण’, तिथे सावकाश जा. मराठीत रोजच्या वापरातला कुठलाही शब्द ‘ण’नं सुरू होत नाही, तिथे तर काळजीच नको.

संहिता हातानं लिही, मोठ्या अक्षरात. अडणाऱ्या शब्दांखाली रेघ ओढ, कार्यक्रमाला असे आठ-दहा शब्दच निघतील, सगळे नाही. ‘न’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं, ‘ण’ला ते मागे वळून टाळूला लागतं. आरशात बघण्यापेक्षा जिभेनं चाचपून बघ. मोबाइलवर ध्वनिमुद्रण कर, पण ऐकताना एका वेळी एकच गोष्ट तपास. आणि आदल्या दिवशी सराव बंद. जितकं जपशील तितकी जीभ हद्द ओलांडेल, हे आता तुला ठाऊक आहे. एवढं करूनही एखादा शब्द घसरला तर थांबायचं, नीट म्हणायचं, पुढे जायचं. हसणारे दोन सेकंद हसतील.

ऑफिसात कुणी तुझ्या फोनवरच्या बोलण्याची नक्कल केली तर वाद घालू नकोस. सरळ सांग, “ही माझी घरची भाषा आहे, तिची नक्कल केलेली मला आवडत नाही.” बहुतेक लोक इतक्यानं ओशाळतात. जो ओशाळत नाही, त्याच्या मतासाठी तू जिन्यात कशाला जायचं? भावाचं मात्र मनावर घेऊ नकोस. “पुन्याची बाई” म्हणताना तो तपासून बघतोय की बहीण अजून आपली आहे का. त्याला त्याच्याच भाषेत एक सणसणीत उत्तर दे, त्याची शंका फिटेल.

खरी मी कोणती, असं तू विचारलंस. ‘पाणी’ म्हणून सहा तास काउंटर सांभाळते ती खरी आहे आणि ‘माय वं’ म्हणते तीही. काकूंसमोर मायला टोकणारी जी होती, ती फार घाबरलेली होती. तिला रागवू नकोस, पण तिच्या हाती पुन्हा घर देऊ नकोस.

मायला फोन आजच कर. जेवणाच्या सुट्टीत कर, आणि आपल्या खुर्चीत बसून कर.